नव्या घरातल्या जिप्समला पहिल्याच पावसाळ्यात तडे: लांबी (पुट्टी) भरण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या वेशीबाहेर नवं रो-हाऊस घेतलं, मार्चअखेर ताबा मिळाला, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. पहिला पावसाळा सरेपर्यंत हॉलच्या फॉल्स सीलिंगवर चार-चार फुटांवर सरळ तडे दिसू लागले. दोन बेडरूममधल्या बोर्डाच्या पार्टिशनला दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली. जागोजागी स्क्रूचे गोल ठिपके वर आले. बाथरूमला लागून असलेल्या पार्टिशनचा खालचा वीतभर भाग फुगून त्यावर काळे डाग पडले. पश्चिमेच्या भिंतीचं जिप्सम प्लास्टर ठोकलं की पोकळ वाजतं. ठेकेदार म्हणतो, "जिप्समला असं होतंच, दिवाळीत लांबी भरून एक हात रंग मारून देतो." शिवाय नेटवर 'चिनी ड्रायवॉल', म्हणजे चीनमधून आलेल्या जिप्सम बोर्डाबद्दल वाचून तुम्ही धास्तावलात.

ठेकेदाराने पाच वेगवेगळ्या गोष्टी एका वाक्यात गुंडाळल्यात. त्यातल्या दोन पाण्याच्या आहेत आणि उरलेल्या तीन बसवणीच्या. पाण्याच्या दोन आत्ताच हातात घ्याव्या लागतील, बाकीच्या थांबू शकतात. लांबी यातल्या एकावरही इलाज नाही. लांबी खड्डा भरते, हलणारी वस्तू धरून ठेवत नाही. मागचा बोर्ड हलत राहिला तर भरलेली चीर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात त्याच जागी उघडते, आणि कित्येकदा भरलेल्या लांबीच्या दोन्ही कडांनी, म्हणजे एकीच्या दोन होऊन.

घर पाहिल्याशिवाय सगळंच छातीठोक सांगता येणार नाही. बाहेरची भिंत विटेची आहे, सिमेंट ब्लॉकची की चिऱ्याची (जांभ्या दगडाची), हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाया मुरमावर आहे की काळ्या मातीत, हेही नाही. आणि गाव नेमकं कुठल्या बाजूचं? खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा पाऊस यांची तुलनाच नको. अथणीत वर्षानुवर्षं टिकणारं जिप्समचं काम, त्याच कारागिराने त्याच मालाने केलं तरी, खानापूरकडे पहिल्या आषाढात सादळतं. बेळगाव या दोन्हींच्या मधे पडतं, पण शहराच्या पश्चिम अंगाला खानापूरची बाजू जास्त जवळची धरावी.

आधी तपासणी. तिला चार-पाच घरगुती वस्तू पुरतात.

रात्री सगळे दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडा. दिवसा सपाट दिसणारी भिंत अशी धरली की प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक फुगवटा सावली टाकतो. मग पेन्सिल घ्या. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर ती अजून चालू आहे, आणि चालू चीर भरणं म्हणजे पैसे वाया. रुंदीसाठी एटीएम कार्ड वापरा. ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्डाची कड चिरेत शिरत नसेल तर प्रकरण बहुधा वरच्या थराचं. सहज शिरत असेल तर मागे काहीतरी सरकलंय.

चौथी वस्तू सगळ्यात कामाची: जुन्या स्पीकरमधलं चुंबक. पातळ फडक्यात गुंडाळून ते सीलिंगवर हळूहळू फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे रंगाखाली स्क्रू आहे. तिथे पेन्सिलीचा टिंब द्या. दहा मिनिटांत तुमच्या सीलिंगचा सांगाडा तुमच्यासमोर उभा राहतो, एक चौरस इंच न फोडता.

आता त्या टिंबांचा अर्थ. आपल्याकडे सीलिंगला सहसा ६ बाय ४ फुटांचा, १२.५ मिमी जाडीचा बोर्ड लागतो. तो ज्या पत्र्याच्या पट्ट्यांना स्क्रूने बसतो त्या पट्ट्या, म्हणजे सीलिंग सेक्शन, एकमेकांपासून १८ इंचांवर हव्यात. त्यांना वरून धरणारे चॅनल ४ फुटांवर, आणि ते चॅनल स्लॅबला अँगल आणि फास्टनरने टांगलेले. प्रत्येक सेक्शनवर स्क्रू ९ इंचांच्या आत. समजा तुमचा हॉल १२ बाय १४ फूट आहे. १६८ चौरस फुटांना सात बोर्ड लागतात, कापाकापी धरून आठ. या हिशेबाने स्क्रू दीडशेच्या वर निघायला हवेत. चुंबकाने मोजल्यावर ऐंशी-नव्वदच निघाले, किंवा टिंबांच्या ओळी दोन-दोन फुटांवर आल्या, तर तड्याचं कारण सापडलं. बोर्ड दोन आधारांच्या मधे झोळीसारखा उतरतोय. १२.५ मिमीच्या बोर्डाचं वजन चौरस मीटरला आठ-नऊ किलो असतं, म्हणजे तुमच्या हॉलच्या डोक्यावर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो जिप्सम आहे. तिथे स्क्रूची काटकसर फार महागात पडते.

टिंब ठीक असतील तर सांध्याकडे वळा. बोर्डाच्या सहा फुटी लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की मधे उथळ पन्हळ तयार होते, टेप आणि कंपाउंड (सांधे भरायचा मसाला) बसण्यासाठी. चार फुटी आखूड कड मात्र चौकोनी असते, तिथे अशी पन्हळ मिळत नाही. म्हणून आधी तडे कुठे आहेत ते मोजा. नुसत्या आखूड सांध्यांवर असतील तर बहुधा त्या सांध्यामागे पट्टीच नाही, दोन बोर्डांची टोकं हवेत भेटलीत. तुम्ही चार-चार फुटांवर तडे म्हणताय, म्हणजे लांब सांधेच उघडलेत. पन्हळीचा सांधा उघडायला दोनच मोठी कारणं असतात: टेप घातलीच नाही, किंवा टेपवर कंपाउंडऐवजी पीओपी किंवा पांढऱ्या सिमेंटची लांबी ओढली. पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं, म्हणून कारागिराला प्यारं. पण ते ताठ असतं, आणि सिमेंटची लांबी बोर्डाच्या कागदाला नीट धरत नाही. स्लॅब केसभर हलला तरी दोन्ही चिरतात. आणखी एक बघा: आखूड सांध्यांवरचा तडा एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एका ओळीत सरळ जातो का? तसं असेल तर बोर्ड विटांच्या थरासारखे सांधे चुकवून न लावता एकाखाली एक लावलेत, आणि सगळी हालचाल त्या एका रेषेवर गोळा होतेय.

पंखाही तपासा. पंख्याची नळी स्लॅबच्या हुकाला लटकलेली असली पाहिजे आणि बोर्डाच्या भोकाला तिचा स्पर्श होता कामा नये. भोवती अर्धा इंच मोकळं हवं. नळी बोर्डाला टेकली तर पंख्याचा थरथराट थेट सांध्यांना जातो. पंख्यापासून सूर्याच्या किरणांसारख्या चिरा निघालेल्या दिसल्या तर इतर काही शोधू नका.

भिंत आणि सीलिंग जिथे भेटतात तिथली केसाएवढी रेष मात्र मी माफ करतो. भिंत वेगळी हलते, टांगलेलं सीलिंग वेगळं हलतं, आणि मधे काहीतरी सुटणारच. तिथे लांबी न भरता रंगवता येणारा ॲक्रिलिक सीलंट भरावा. तो ताणला जातो. नव्याने करायचं असेल तर त्या कडेला अर्ध्या इंचाची खाच मुद्दाम ठेवणं सगळ्यात चांगलं.

सांध्याची खरी दुरुस्ती अशी. तड्याच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच रंग आणि लांबी खरवडून बोर्डाच्या कागदापर्यंत जा, कागद मात्र फाडू नका. सुटलेली जुनी टेप ओढून काढा. दोन्ही कडा अंगठ्याने दाबून पाहा. हलत असतील तर आधी स्क्रू वाढवा. आखूड सांधा असेल तर मागे सेक्शनचा तुकडा सरकवून दोन्ही बोर्ड त्याला पक्के करा. स्क्रू २५ मिमीचे, कारखान्याच्या कडेपासून १० मिमी आणि कापलेल्या कडेपासून १५ मिमी आत. मग जॉइंटिंग कंपाउंडचा पातळ थर, त्यावर दोन इंची कागदी टेप, आणि चार इंची पात्याने मधून बाहेर दाबत सगळी हवा काढायची. टेपखाली फुगा राहिला तर तो रंगानंतर हमखास दिसतो. वाळलं की दुसरा थर आठ इंच रुंद, तोही वाळला की तिसरा बारा इंच, कडा नाहीशा होतील असा. शेवटी बारीक पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. वरच्या १२ बाय १४ च्या हॉलमध्ये आतले सांधे सगळे मिळून सुमारे ५० फूट भरतात. कारागिराने "अर्ध्या दिवसात करतो" म्हटलं तर तिन्ही थर तो कधी वाळवणार, एवढंच विचारा. कोरड्या दिवसांत दोन थरांत एक दिवस जातो. जुलैच्या झडीत दोन-तीन दिवसांतही कंपाउंड आतून ओलं राहतं, आणि ओल्यावर दुसरा थर चढला की वाळताना दोन्ही आकसतात. म्हणून सीलिंगचं काम दिवाळी उलटल्यावर, थंडी कोरडी झाली की घ्यावं. मला विचाराल तर पेन्सिलीच्या खुणा मार्चपर्यंत ठेवून मगच. काँक्रीट आणि गिलावा पहिल्या वर्षात वाळताना सगळ्यात जास्त आकसतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यांना दिला की दुरुस्ती एकदाच करावी लागते.

स्क्रूच्या ठिपक्यांचे दोन प्रकार. ठिपक्याशेजारी तळहाताने बोर्ड दाबा. आत जाऊन परत आला तर बोर्ड पट्टीला कधी घट्ट टेकलाच नव्हता. जुन्या ठिपक्यापासून दीड-दोन इंचांवर, बोर्ड दाबून धरून, नवा स्क्रू मारायचा आणि मग जुना काढून टाकायचा. जुनाच आवळला तर तो कागद फाडून आणखी आत जातो. बोर्ड हलत नसेल आणि ठिपका खोलगट असेल तर स्क्रूगनने डोकं कागद फोडून जिप्सममध्ये घुसवलंय. बोर्डाची पकड कागदात असते. कागद फाटला की तो स्क्रू नुसता शोभेचा. उपाय तोच, शेजारी नवा. ठिपक्यावर तांबूस डाग असेल तर पुढचं सगळं सोडून आधी ओल शोधा, कारण हे काळे स्क्रू दमटपणात गंजतात.

दाराच्या कोपऱ्यातली तिरकी चीर ही बोर्ड कापण्यातली चूक आहे. दाराच्या चौकटीच्या रेषेतच बोर्डाचा उभा सांधा आणला की दार आपटताना बसणारा प्रत्येक धक्का त्या सांध्यावर जातो. योग्य पद्धतीत दाराच्या वरचा बोर्ड 'एल' आकारात कापतात, म्हणजे कोपऱ्यात सांधा येतच नाही. दुसरं कारण चौकटीच्या मागे असतं. पार्टिशनचे पत्र्याचे उभे स्टड दोन-दोन फुटांवर असतात, पण चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकटा स्टड पुरत नाही. तिथे दोन स्टड एकात एक बसवून पेटी करतात किंवा आत लाकूड भरतात. दार जोरात लावा आणि तळहात चौकटीपासून फूटभर अंतरावर ठेवा. भिंत थरथरली तर आधी स्टड पक्का करायचा, मग 'एल'चा तुकडा बसवायचा. नुसती टेप लावून ही चीर थांबत नाही. पार्टिशनचा माथाही बघून घ्या. स्टड स्लॅबखाली टिच्चून बसवले असतील तर स्लॅब थोडा जरी वाकला तरी भार पार्टिशनवर येतो; वर सेंटिमीटरभर खेळ ठेवायची पद्धत आहे.

आता पाणी. यात दिरंगाई करू नका.

बाथरूमच्या बाजूचा फुगलेला भाग परत पूर्ववत होत नाही. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरला साधारण दोन ग्रॅम. म्हणून एकदा भिजून सुकलेला बोर्ड कदाचित टिकेल, पण सतत ओलीत उभा असलेला आतून भुसभुशीत होतो. वरचा कागद हे बुरशीचं खाद्य. काळ्या डागावर अँटी-फंगल रंग मारून घेतला तर बुरशी कागदाच्या मागच्या बाजूने वाढत राहते.

पाणी येतंय कुठून, हे दोन दिवसांत कळतं. बाथरूमच्या नहाणीला फडक्याने गच्च बोळा घाला, दोन इंच पाणी भरून ठेवा, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखा आणि ४८ तास तो नळ, ती बाथरूम कोणी वापरू नका. पातळी बोटभर उतरली आणि पार्टिशनचा डाग रुंदावला तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, किंवा ते भिंतीवर वर चढवलंच नव्हतं. फरशीवरून ते भिंतीवर किमान फूटभर चढवावं लागतं, शॉवरच्या भिंतीला माणसाच्या उंचीपर्यंत. पातळी हलली नाही तर संशय भिंतीतल्या पाइपवर. घरातले सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. मीटर नसेल तर प्लंबरकडून पंप लावून लाइन तपासून घ्या. दोन्हीकडे दोष सापडला नाही तर लादी पुसतानाचं पाणी हे कारण असू शकतं. बोर्ड फरशीला टेकवून लावला तर तो वात दिव्यातलं तेल ओढते तसं पाणी वर ओढतो. बोर्डाची खालची कड फरशीपासून १० मिमी वर हवी, आणि ती फट स्कर्टिंगने झाकायची.

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर, आधी नाही, बोर्ड कापायचा. हाताला जिथपर्यंत मऊ लागतं तिथून आणखी सहा इंच वर सरळ आडवी रेघ मारून खालचा सगळा भाग काढा. आतला तळाचा चॅनल बघा. पांढुरका डाग असेल तर पुसून चालेल, तांबडा गंज पापुद्र्याने सुटत असेल तर तोही बदला. पंखा लावून पोकळी तीन-चार दिवस कोरडी होऊ द्या. मग नवा बोर्ड. इथे हिरव्या बोर्डाबद्दल मोठा गैरसमज आहे. हिरव्या कागदाचा बोर्ड दमट हवा सोसतो, पाण्याचा मारा सोसत नाही. बाथरूमच्या बाहेरच्या, म्हणजे बेडरूमकडच्या अंगाला तो ठीक. बाथरूमच्या आतल्या अंगाला, टाइल्सखाली, सिमेंट बोर्ड किंवा सरळ विटेची भिंतच हवी. तुमच्या टाइल्सखाली साधा पांढरा बोर्ड निघाला तर मात्र ती भिंत पुन्हा करायचा खर्च धरा. त्यावर मधला मार्ग मला तरी माहीत नाही.

पश्चिमेची भिंत. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे आडवा पाऊस झेलणारी भिंत हीच. इथे बोर्ड नाही, जिप्समचा गिलावा आहे, आणि त्याचा हिशेब निराळा. आधी ओल बाहेरून येतेय की हवेतली आहे ते ठरवू. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस सोडा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला जमले तर हवा दमट आहे, खिडक्या उघडा. ही चाचणी पाऊस चालू असताना केली तरच अर्थ आहे. परतीचा पाऊस मिळाला तर तो साधा.

भिंत चिऱ्याची असेल आणि बाहेरून फक्त दरजा भरून दगड उघडा ठेवला असेल तर कारण जवळपास ठरलंच. जांभा दगड सच्छिद्र असतो, भरपूर पाणी पितो आणि सावकाश सोडतो. खानापूरकडच्या जुन्या चिऱ्याच्या घरांत आतून चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा असायचा, त्याचं हेच कारण. उघड्या चिऱ्यामागे आतून जिप्सम म्हणजे ओल्या टॉवेलवर कागद चिकटवण्यासारखं. भिंत विटेची असेल तर बाहेरचा गिलावा किती जाड आहे, एका थराचा की दोन, खिडकीखालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता आहे का, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आहे का, हे पाहा. खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून सरकत भिंतीत शिरतं, आणि डाग नेमका लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या रेषेत दिसतो.

भिंत कोरडी असूनही पोकळ वाजत असेल तर चूक लावतानाची. जिप्सम प्लास्टरची २५ किलोची गोणी अर्धा इंच जाडीने २०-२२ चौरस फूट जाते. गोण्यांचा हिशेब आणि भिंतीचं क्षेत्रफळ ताडून पाहिलं की थर कुठे पाव इंचावर आणला ते कळतं. कालवलेलं जिप्सम पंधरा-वीस मिनिटांत बसायला लागतं. घमेल्यात घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो पसरवला तर त्याला ताकद राहत नाही. नखाने ओरखडला तरी भुकटी पडते. कॉलम-बीमच्या गुळगुळीत काँक्रीटवर आधी बाँडिंग एजंट लावला नसेल तर तिथलं प्लास्टर पत्र्यासारखं सुटतं. आणि वीटकाम-काँक्रीट जिथे भेटतात तिथे सहा-आठ इंची जाळीची पट्टी नसेल तर बीमखाली एक आडवी रेष ठरलेलीच.

पोकळ जागा नाण्याने ठोकत फिरा आणि खडूने आखा. तळहाताएवढी असेल, चीर नसेल, कोरडी असेल तर मी तिला हात लावत नाही. वहीच्या उघड्या पानांएवढी किंवा त्याहून मोठी असेल, तर काढून पुन्हा करावी. डोक्यावर, सीलिंगच्या अंगाला पोकळ वाजत असेल तर आकार कितीही असो, आजच काढा. ओलीच्या भिंतीवर मात्र पुन्हा जिप्सम लावू नका. त्या एका भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा पुरे. तो तीन-चार आठवडे वाळू द्या, मग लांबी आणि रंग.

एक गोष्ट वेगळी काढतो. चीर पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी जात असेल, त्याच जागी बाहेरूनही दिसत असेल आणि एप्रिल-मेमध्ये रुंद होऊन पावसात मिटत असेल, तर जिप्समला दोष देऊ नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की घर तिच्याबरोबर हलतं. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरच हवा, पीओपीवाला नव्हे.

चिनी ड्रायवॉलची भीती सोडा, पण आधी ती काय होती ते कळू द्या. अमेरिकेत अशी घरं सापडली, बोर्ड साधारण २००१ ते २००९ या काळात लागलेले. त्यातल्या गंधकाच्या वायूंमुळे घरात सडक्या अंड्यांचा वास येई, एसीची तांब्याची कॉइल आणि वायरी काळ्या पडत. तुमच्या घरात तसं काही असेल तर ते लपत नाही. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून एक स्विचबोर्ड उघडून घ्या आणि तांब्याच्या उघड्या टोकाकडे पाहा. लालसर किंवा तपकिरी असेल तर निश्चिंत राहा. काजळीसारखं काळं असेल आणि वासही येत असेल तरच पुढचा विचार. बोर्डाच्या मागच्या कागदावर कंपनीचं नाव, तारीख आणि आयएस २०९५ हा मानक क्रमांक छापलेला असतो. बाथरूमकडचा बोर्ड कापाल तेव्हा तो तुकडा फेकू नका.

ठेकेदाराशी बोलताना एक काळजी घ्या. आपल्याकडे मालक मराठी बोलतो, ठेकेदार कन्नड, कारागीर बहुतेकदा हिंदी. तोंडी सूचना तीन भाषांतून जाताना निम्मी गळते. आकडे गळत नाहीत. भिंतीवरच पेन्सिलीने लिहा: स्क्रू ९ इंच, टेप २ इंच, तीन थर. रंगाआधी प्रत्येक थराचा फोटो घ्या आणि पैसेही थरांप्रमाणे द्या.

कायद्याचं बोलायचं तर महारेराच्या (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या) पोस्ट वाचून गोंधळू नका. बेळगावला कर्नाटक रेरा लागू आहे. कायदा मात्र एकच, २०१६ चा. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत, बिनखर्च दुरुस्त करायचा असतो. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असलेल्या किंवा आठपर्यंतच घरं असलेल्या प्रकल्पांना नोंदणी लागत नाही; तुमचा तसा असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता. फॉल्स सीलिंग ताब्यानंतर तुम्ही स्वतःच्या माणसाकडून करून घेतलं असेल तर ते बिल्डरच्या गळ्यात पडणार नाही, पण बाथरूमची गळती आणि पश्चिमेची भिंत पडेल. पत्रात "तडे गेले" एवढंच लिहू नका. कुठल्या खोलीत, किती फूट, पाणी भरून ठेवल्यावर ४८ तासांत किती उतरलं, हे तारखेसह लिहा आणि पोच घ्या.

बाथरूमची चाचणी झाली की पातळी किती उतरली ते आणि बाहेरच्या भिंतीचा एक फोटो इथे टाका. भिंत चिऱ्याची निघाली तर पश्चिमेच्या बाजूचं वरचं उत्तर थोडं बदलावं लागेल.